अक्काच्या स्वयंपाकघरातलं ऊन

इंग्लंडातल्या त्या खेड्यात मी एकदाच गेले, तेही पन्नाशीच्या आसपास. पण त्याआधी कितीतरी वर्षं ते गाव मला तोंडपाठ होतं. बसमधून उतरलं की आधी दगडी पूल. पूल ओलांडला की डाव्या हाताला बदकांचं तळं. पुढे गवताचं मोकळं पटांगण, त्याच्या कडेला लाल टपालपेटी, बंद पडलेलं लोहाराचं दुकान आणि एक दारूचा गुत्ता. त्या गुत्त्याला आमची आई शेवटपर्यंत खानावळच म्हणत राहिली. मग चर्च. चर्चच्या पाठीमागे कबरस्तान, कबरस्तानाला लागून माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं घर, आणि घरामागे टेकडी. झालं गाव. आपल्याकडे याला वाडी म्हणतात.

हे सगळं हुबळीला, कमरीपेठेतल्या आमच्या अंगणात होतं. मातीचं.

त्याचं असं झालं की आमचे अप्पा मोजणी खात्यात नकाशे काढायला होते. कचेरी धारवाडला. रोज सकाळी बसनं जायचे, दिवेलागणीला यायचे. छप्पन साली आम्ही जागचे न हलता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. घर तेच, गल्ली तीच, दूधवाली तीच, पण अप्पांच्या कचेरीतले साहेब बदलले, कागदांचे नमुने बदलले. मी तेव्हा बारा वर्षांची होते. एका नव्या साहेबानं अप्पांचा एक नकाशा सगळ्यांसमोर चुकीचा ठरवला. महिन्याभरानं तो बरोबर निघाला, पण ते सांगायला कुणी आलं नाही. त्या दिवसापासून अप्पा नाकावर माशी बसू देईनात. 'चूक' हा शब्द घरात कुणी उच्चारायचा नाही. आमटीत मीठ जास्त झालं तरी आई 'आज जरा झालंय बघा' एवढंच म्हणायची.

अप्पांची नकाशा काढायची स्वतःची एक रीत होती. मोजणीदार शेतावरून टिपणं आणत, आणि अप्पा टेबलाशी बसून त्यावरून गाव उभं करत. सुरुवात देवळापासून. देवळाचं तोंड पूर्वेला, की बाकीचं गाव आपोआप जागेवर बसतं, असं ते म्हणत. मारुतीचं तोंड दक्षिणेला असतं, तेवढा एक सोडून. तीस वर्षं ही रीत त्यांना कधी फसली नाही. फसली असती तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. डॉक्टर नवरा मिळाला आणि लग्नानंतर दोन वर्षांत दोघं विलायतेला गेले. भावजींचं हॉस्पिटल शेजारच्या शहरात होतं, पण परवडेल असं घर मिळालं ते या खेड्यात. निळ्या एअरलेटरमधून तिचं गाव थोडं थोडं आमच्या घरी येऊ लागलं. एका पत्रात पूल, पुढच्या पत्रात तळं. तिच्या पत्रात दिशा मात्र कधी नसायच्या. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, एवढंच. ती पहिल्यापासून तशीच. घरात उभं करून पूर्व कुठे विचारलं तर देवघराकडे बोट करायची.

त्या पहिल्या दिवाळीला मी किल्ल्यासाठी माती कालवायला घेतली. आम्ही दोघी बहिणी दरवर्षी किल्ला करायचो, गल्लीतल्या पोरांच्या नाकावर टिच्चून. अप्पा म्हणाले, "यंदा किल्ला नको. हिचं गाव करू या की."

हुबळीची काळी माती वाळली की तडकते, म्हणून ते पिशवीतून धारवाडची तांबडी माती घेऊन आले. बसमध्ये मांडीवर पिशवी घेऊन. अक्काची सगळी पत्रं पुढ्यात ठेवून त्यांनी आधी कागदावर नकाशा काढला, शाईनं, उत्तरेचा बाण दाखवून. मग अंगणात गाव केलं. तळ्याला आरशाचा तुकडा, पटांगणावर मोहरी पेरलेली, चर्चच्या मनोऱ्याला पावडरचा डबा, अक्काच्या घराला काड्यापेटी. चर्च म्हणजे त्यांचं देऊळच, आणि मारुती तर नव्हेच. तेव्हा दार पूर्वेला. पाठ पश्चिमेला. पाठीमागे अक्काचं घर. तिनं लिहिलं होतं, 'माझ्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे आणि ती चर्चच्या पाठभिंतीकडे उघडते.' म्हणजे खिडकी पूर्वेला. अप्पांनी त्या काड्यापेटीच्या घराला नखानं खिडकी पाडली आणि आईला म्हणाले, "बघ. सकाळी सातला ऊन हिच्या ओट्यावर."

आईचा जीव भांड्यात पडला. आईला थंडीचीच काळजी होती. पोरगी हुबळीच्या पावसाळ्यात सुद्धा पायात मोजे घालून बसायची. "पूर्वेची चूल आहे गं तिची," असं ती गल्लीत सगळ्यांना सांगून आली. शेजारच्या कानडी मावशी मुद्दाम बघायला आल्या आणि लेकीला चांगलं घर मिळालं म्हणून अप्पांचं कौतुक करून गेल्या, जणू ते घर अप्पांनीच बांधलं होतं. लक्ष्मीपूजनाला आईनं त्या काड्यापेटीच्या खिडकीपुढे पणती लावली आणि हळदकुंकू वाहिलं. चर्चलाही वाहिलं.

स्टेशनकडे जाताना आम्हाला एक चर्च लागायचं. मी कॉलेजला जाताना रोज त्याच्यावरून जात होते. त्याचं दार कोणत्या दिशेला आहे हे मी कधी पाहिलं नाही. अप्पांनीही पाहिलं नसणार. कशाला पाहतील? त्यांना माहीत होतं.

अशा तीन दिवाळ्या झाल्या. दरवर्षी गाव नव्यानं व्हायचं, पत्रातून आलेली एखादी नवी खूण त्यात पडायची. एकदा कबरस्तानातलं जुनं काळपट झाड आलं, एकदा गुत्त्यावरची पाटी आली. शाईचा नकाशा अप्पांनी चौकट करून बैठकीत लावला.

तिसऱ्या दिवाळीनंतर दोन-अडीच महिन्यांनी अक्काचं एक वेगळंच पत्र आलं. नेहमीचं 'सर्व ठीक' नाही, थट्टा नाही. ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं. 'घर फार अंधारं आहे. माझे पाय कधी गरमच होत नाहीत. नोव्हेंबरपासून मी घरात ऊन पाहिलेलं नाही. दिवसभर कुणाशी बोलत नाही, आणि आता बोलावंसंही वाटत नाही. मी वर्षभर तिकडे येऊन राहू का? यांची हरकत नाही.'

आईनं पत्र दोनदा वाचायला लावलं. वाचणारी मीच. मग ती पदराशी चाळा करत बसली. अप्पा उठून नकाशासमोर उभे राहिले. काचेवर बोट ठेवून त्यांनी मला समजावलं, साहेबाला समजावून द्यावं तसं. हे चर्च. हे दार, पूर्वेला. ही पाठ. मध्ये कबरस्तान, म्हणजे सावली पोचत नाही. ही खिडकी. "आता सांग, अंधार कुठून आला?"

मी पत्राची घडी घातली.

"ऊन घरात येतंय. अंधार हिच्या डोक्यात आहे," अप्पा म्हणाले. "आणि हरकत नाही म्हणजे काय? भांडून निघालीय. असं कुणी नवऱ्याला सोडून वर्षभर माहेरी येतं का?"

खरी गोष्ट आणखी एक होती आणि ती तिघांनाही ठाऊक होती. माझं जमत होतं. मुलगा वकील, कोप्पीकर रोडवर वडिलांचं ऑफिस, घर खानदानी. बघण्याच्या वेळी त्यांनी थोरल्या मुलीची चौकशी केली होती आणि आम्ही मोठ्या तोऱ्यात विलायत सांगितली होती. त्यात थोरली परत येऊन माहेरी बसली तर लोक काय ते समजणार.

अप्पांनी पत्र सांगितलं, मी लिहिलं. घरात अक्षर माझंच चांगलं. 'तुझ्या घराची जागा मी नीट तपासली आहे. तुझ्या स्वयंपाकघरात सकाळी सात वाजता ऊन येतं. मनाचे खेळ करून घेऊ नयेत. सकाळी लवकर उठत जावे.' असं. खाली आशीर्वाद. शेजारी आई बसली होती, तिला विचारलं, तुझं काही लिहू का? तिनं मान हलवली. नको.

एअरलेटर चिकटवायच्या आधी कडेला चार बोटं जागा उरली होती. तिथे मी माझी ओळ घातली. मला कुणी सांगितलं नव्हतं. 'अक्का, माझं ठरत आलंय. एवढं होईपर्यंत काही करू नकोस, तुझ्या पाया पडते.'

अक्काचं उत्तर महिन्यानं आलं. पहिलीच ओळ, 'इकडे ऊन छान आहे.' पुढे पूल, बदकं, माझ्या लग्नाच्या साडीबद्दल चौकशी. आईनं पत्र देवापुढे ठेवलं. अप्पा म्हणाले, "आलं ना ताळ्यावर?" आणि विषय संपला. त्यानंतर तिचं प्रत्येक पत्र त्याच ओळीनं सुरू व्हायचं. जूनमध्ये, डिसेंबरमध्ये. वर्षानुवर्षं. मला ते वाचताना काही वाटायचं नाही. देवाला हात जोडताना ओठ हलतात ना, तसं मी ते मोठ्यानं वाचत असे.

माझं लग्न झालं. संसार झाला, वाईट झाला नाही. नवनगरात आम्ही घर बांधलं. अक्काला मूलबाळ झालं नाही. ती एकदाच आली, अप्पांना अर्धांग झालं तेव्हा. केस पांढरे झालेले, हात थंडगार. मी तिचा हात धरला तर तिनं हळूच सोडवून घेतला, शाल सारखी केल्यासारखं करून. अप्पांना बोलायला त्रास व्हायचा. त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं आणि कसेबसे शब्द जुळवून विचारलं, "बरोबर... आहे ना?"

अक्का नकाशासमोर जाऊन उभी राहिली. तिनं बाणावर बोट ठेवलं, मग चर्चवर, मग आपल्या घरावर. मी दारात औषधाची वाटी घेऊन उभी होते.

"बरोबर आहे, अप्पा," ती म्हणाली. "अगदी बरोबर आहे."

अप्पा हसले. त्या आजारात ते हसलेले मी तेवढेच पाहिले. पुढच्या आठवड्यात ते गेले.

मग आणखी काही वर्षांनी अक्का गेली. जानेवारीत, न्यूमोनियानं. आई तेव्हा माझ्याजवळ नवनगरला असायची. मी तिला सांगितलं, ती 'बरं' म्हणाली आणि निवडायला घेतलेले तांदूळ निवडत राहिली. मलाही रडू आलं नाही. लोकांना वाटलं, लांबची माणसं, इतकी वर्षं दूर, म्हणून असेल. मलाही तसंच वाटलं. भावजींचं पत्र आलं की तिच्या वस्तू आहेत, तुम्ही येऊन काय हवं ते घेऊन जा. मुलानं तिकीट काढून दिलं आणि फेब्रुवारीत मी गेले.

भावजी शहरात गाडी घेऊन येतो म्हणत होते. मी म्हटलं, नको, बसनंच येते. पुलाशी उतरले. पूल, डाव्या हाताला तळं, पटांगण, टपालपेटी. लोहाराच्या दुकानात आता कुणीतरी फुलं विकत होतं. खानावळीवर पाटी तीच. मी कुणाला काही न विचारता चालत गेले आणि बरोबर अक्काच्या दारात उभी राहिले. भावजींना नवल वाटलं. मला वाटलं नाही. अप्पांचं अंतर पावलापावलाला बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सवयीनं सहाला जाग आली. चहा टाकला आणि त्या खिडकीशी उभी राहिले. सात वाजले. बाहेर राखेसारखा उजेड. चर्चची पाठभिंत काळी, ओली, उंच. आठ वाजले, नऊ वाजले. उजेड वाढला, पण ओट्यावर ऊन काही येईना. मी वेड्यासारखी ओट्यावर हात ठेवून उभी. ओटा बर्फासारखा गार.

भावजी उठून आले. मी विचारलं, "सूर्य कुठून उगवतो इथे?"

त्यांनी अंगठा खांद्यावरून मागे केला. "टेकडीच्या पलीकडून. हिवाळ्यात टेकडी चढून वर यायलाच त्याला उशीर होतो. आणि दुपारी इकडे वळला की चर्चच्या आड जातो."

"म्हणजे ही खिडकी पश्चिमेची?"

"हो. का?"

"चर्चचं दार पूर्वेला नाही?"

"पश्चिमेला आहे. इकडे बहुतेक चर्चांचं तसंच असतं. आत देव पूर्वेला, दार पश्चिमेला."

मी खुर्चीवर बसले. सगळं गाव बरोबर होतं. फक्त उलटं ठेवलेलं होतं. अप्पांचा नकाशा नुसता फिरवून टांगला असता तरी चालला असता. मला अप्पांचा राग आला, असा की ते समोर असते तर बोलले असते. पण समोर कुणीच नव्हतं. पत्रातलं अक्षरही त्यांचं नव्हतं.

भावजी चहा ओतत आपल्या नादात बोलत होते. "तिला इथे सोसायचं नाही. मीच म्हटलं होतं, वर्षभर हुबळीला राहून ये. बोटीची चौकशी करून पैसेसुद्धा भरले होते मी. मग तुमच्याकडून पत्र आलं आणि तीच म्हणाली, नको. का ते सांगितलं नाही. मी पुष्कळ विचारलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पत्रात काय होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. मी कप पुढे ओढून घेतला.

"रोज सकाळी पुलावर जायची," ते म्हणाले. "तिथे खोरं उघडं आहे, ऊन आधी तिथे येतं. चहाचा कप घेऊन जायची. इथली माणसं हसायची सुरुवातीला. नंतर तिच्यासाठी कठड्याशी कुणीतरी एक लाकडी खोका आणून ठेवला, बसायला."

मी पुलावर गेले. खोका नव्हता. ऊन होतं, कोमट, चुलीतल्या शेवटच्या निखाऱ्याएवढं. तिथे उभी राहून मला एकदाचं रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. हात गार पडले म्हणून परत फिरले. तिच्या वस्तूंतली मी एक शाल घेतली, आणि माझी सगळी पत्रं तिच्या कपाटात एका डब्यात आहेत असं भावजी म्हणाले, ती तशीच ठेवली. डबा उघडून पाहायची हिंमत झाली नाही, हे कबूल करते.

हुबळीला परतले. येताना सबंध रस्ताभर ठरवत होते, आईला सांगायचं नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, आता कशाला. घरी आले तर ती पुढच्या खोलीत कॉटवर बसलेली. आमच्या घराचं तोंड पूर्वेला आहे, सकाळचं ऊन तिच्या पायांवर पडलं होतं. भिंतीवर अप्पांचा नकाशा, कमरीपेठेतून इथे आणलेला. मी तिच्या मांडीवर शाल ठेवली. तिनं ती हातानं चाचपली, वास घेतला.

"येतं का गं ऊन तिच्या घरात?"

'येतं की' हे शब्द तोंडात तयार होते. पण अक्का नकाशापुढे उभी राहिलेली आठवली आणि ते बाहेर पडेनात. मी म्हटलं, "नाही येत, आई. खिडकी पश्चिमेची आहे. अप्पांचं चुकलं होतं."

आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. आईला धक्का बसेल म्हणून मी तिचा दंड धरला.

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"तिच्या पत्रावरून. ऊन येत असतं तर प्रत्येक पत्रात कशाला लिहिलं असतं? आपण लिहितो का कुणाला, इकडे ऊन आहे म्हणून?"

तीस वर्षं ती पत्रं मीच वाचून दाखवली होती. एमे, बीएड झालेली मी, आणि ऐकणारी ती.

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. "अप्पांना सांगायचं. मला सांगायचं. तिला बोलावून घ्यायचं होतंस ना."

आई शालीची घडी उलगडत होती. उलगडून तिनं ती पायांवर पसरली, कडा नीट केल्या.

"तुझं ठरत होतं ना," ती म्हणाली.

मग ऊन डोळ्यांवर येतंय, पडदा ओढ म्हणाली. मी पडदा ओढला.